आधी तिथी, मग गळ

भाचीबाई, तुझ्या आईचा फोन आला होता. म्हणाली, पोरीने ऑनलाइन रॉड मागवलाय, रीळ मागवलंय, रंगीबेरंगी प्लास्टिकचे मासे आणि खिसेच खिसे असलेलं जाकीटही आलंय, आणि आता खाडीवर गरवायला जायचं म्हणते. जाकीट चांगलं आहे असं कळलं. मासा ते बघून येत नाही, पण फोटोला बरं दिसेल.

मोबाइलवर तू पाहिलेस ते लोक तलावाकाठी खुर्ची टाकून बसतात. आपल्याकडे तसं नाही. नवी मुंबईच्या पश्चिमेला ठाण्याची खाडी, दक्षिणेला पनवेलची, आणि तिला मिळणाऱ्या गाढी, काळुंद्रे, कासाडी, उल्वे या आखूड नद्या. त्यांच्या खालच्या भागात समुद्र दिवसातून दोनदा वर चढतो आणि दोनदा उतरतो. जागा चांगली की वाईट हे नंतर. वेळ चुकली तर चांगल्या जागीही नुसता चिखल दिसतो, आणि परतायची वेळ चुकली तर चिखलही दिसत नाही. म्हणून पहिले कानमंत्र पाण्याच्या घड्याळाचे.

१. रॉडला हात लावण्याआधी भिंतीवरची दिनदर्शिका बघ – खाडीतला मासा तुझ्या सुट्टीच्या वाराने येत नाही, चंद्राच्या तिथीने येतो. पंचांग विसरला, त्याचा पाय घसरला.

२. तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ हाती येते – अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. एकादशीला सव्वाआठ, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा ते बारा. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच.

३. खाडीत आत गेलीस की त्यात थोडा उशीर धर, आणि एकदा छापील कोष्टकाशी ताडून बघ – पाऊणपटीचा हिशोब अंदाजाचा आहे, आणि पाण्याला ऐरोलीपर्यंत किंवा गाढीत वर चढायला वेळ लागतो.

४. आज सातला मासा लागला म्हणून उद्या सातला जाऊ नकोस – भरती रोज पाऊण-एक तासाने मागे सरकते. तुझ्या ऑफिसच्या गाडीपेक्षा तेवढी ती विश्वासाची, उशीरही ठरलेला.

५. शिकायची सुरुवात भांगात कर, म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपास – तेव्हा पाण्याला ओढ कमी असते, शिसं तळाला टिकतं आणि आपला गळ कुठे आहे ते समजतं. उधाणात तोच गळ शेजाऱ्याच्या तंगुसात जाऊन बसतो.

६. भरती सगळा वेळ एकाच वेगाने चढते असं समजू नकोस – पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं.

हा सहावा मंत्र नीट वाच, कारण घात इथेच होतो. मोठ्या उधाणाच्या दिवशी आपल्या किनाऱ्याला ओहोटी आणि भरती यांत चार मीटरहून जास्त फरक पडतो. त्याचं निम्मं म्हणजे दोन मीटर, तुझ्या डोक्यावरून जाईल इतकं, आणि ते दोन तासांत. पहिला तासभर पाणी इतकं हळू सरकतं की माणसाला वाटतं, आहे की वेळ. शिवाय सपाट चिखलात ते समोरून येत नाही. आधी बाजूच्या ओघळांतून शिरतं आणि तुझ्या पाठीमागे भरतं. तू समोरच्या तंगुसाकडे बघत असतेस.

७. चिखलात उतरायचंच असेल तर पाणी उतरत असताना उतर, आणि फिरायच्या अर्धा तास आधी बांधावर परत ये – सुटला मासा उद्या येईल, सुटली वाट आज नडेल.

८. पावसाळ्यातली मोठी भरती दिवसा येते, हिवाळ्यातली रात्री – म्हणून डिसेंबरात दुपारी पाहिलेली जागा ‘इथपर्यंत पाणी येतच नाही’ म्हणून रात्रीसाठी पसंत करू नकोस. बांधावर ओल्या कचऱ्याची रेघ असते, तिच्यावर बस.

९. पाणी फिरल्यावरचा पहिला-दुसरा तास आणि भरती पुरी व्हायच्या आधीचा तास, हे खरे गरवायचे – पाणी हललं की कोलंबी आणि किडे निघतात, त्यांच्यामागे मासा. पाणी थांबलं की मासाही थांबतो. तेव्हा डबा उघड.

आता सामान. तुझ्याकडे माझ्यापेक्षा महागडं आहे, त्यामुळे थोडक्यात सांगतो.

१०. प्लास्टिकचे मासे सध्या कपाटात ठेव – आपलं पाणी गढूळ, इथे मासा डोळ्यांपेक्षा वासाने शोधतो. ताजी कोलंबी लाव. जिवंत मिळाली तर शेपटीजवळून, म्हणजे ती हलत राहते.

११. बोयसाठी कोलंबी वाया घालवू नकोस, कणकेची लहान गोळी कर – बोय गाळातलं शेवाळ चरणारा मासा, तोंड एवढंसं, ओठ मऊ. जोरात झटका दिलास तर हाती ओठ येईल, बोय नाही.

१२. शिसं मुख्य तंगुसापेक्षा बारीक तंगुसाने बांध – तळाला दगड, कालवं, जुनी जाळी सगळं आहे. अडकलं तर शिसं तुटून जातं आणि गळ, कधी माशासकट, वाचतो.

१३. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली कर – कोरडं तंगूस घासून तापतं आणि नेमकं गाठीशी कमजोर होतं. हे तुझ्या जाकिटाच्या कंपनीने सांगितलं नसेल.

१४. प्रत्येक माशानंतर शेवटचं हातभर तंगूस बोटांतून फिरव – कालवाच्या धारेने पडलेली चीर डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते.

१५. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट कर – मासे थोडे सुटतील खरे, पण सोडायचा मासा न फाटता सुटतो, आणि स्वतःच्या बोटातला गळही डॉक्टरांशिवाय निघतो.

१६. ढग गडगडले की रॉड खाली ठेव आणि आडोसा गाठ. तारांच्या खाली तर कधीच उभी राहू नकोस – तुझा रॉड कार्बनचा आहे, वीज त्यातून आरामात वाहते. खाडीवरून उच्च दाबाच्या तारा जातात, रेल्वेपुलावरही आहेत.

कुठे बसायचं? दिवाळ्याची जेट्टी, सारसोळेची जेट्टी, वाशीचं सागर विहार. सुरुवातीला अशी जागा धर जिथे पायाखाली सिमेंट आहे आणि हाकेच्या अंतरावर माणसं आहेत. पण जेट्टी ही काही बाग नाही. तिथे होड्या लागतात, जाळी सुकतात, पहाटे मासळी उतरते. सिडको १९७० साली आली, वाशीचा पहिला खाडीपूल त्यानंतर तीनेक वर्षांनी झाला. कोळीवाडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. भरावाने आणि पुलांनी त्यांची मासेमारीची जागा आकसत गेली. तू हौसेने जातेस, ते पोटासाठी जातात. एवढं लक्षात असलं की पुढचे मंत्र सांगावे लागणार नाहीत, तरी सांगतो.

१७. जेट्टीवर पोचलीस की आधी विचार, ‘काका, इथे बसले तर चालेल का?’ – जागा तर मिळतेच, वर आज कुठे काय लागतंय ते फुकट कळतं. विचारणारीला वाट मिळते, मिरवणारीला खेकडा चावतो.

१८. होडीच्या दोरात, रोवलेल्या खुंटाजवळ, लावलेल्या जाळ्याजवळ गळ टाकू नकोस – तुझा गळ शंभर रुपयांचा, त्यांचं जाळं महिन्यांच्या कमाईचं. अडकलाच तर तंगूस आपलं काप, जाळं त्यांचं ओढू नकोस.

१९. वाहत्या पुलावरून गरवू नकोस – मागे गाड्या, खाली होड्या, आणि गळ मागे फेकताना हेल्मेटवाल्याचा कान. तिथून मासा वर ओढेपर्यंत निम्मा वेळ सुटतोच.

२०. धारण तलावाच्या दारांशी मासा जमतो हे तुला कोणीतरी सांगेलच. तरी दाराच्या भिंतीवर चढू नकोस – नवी मुंबईचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहे, म्हणून सिडकोने डचांच्या पद्धतीने पाणी तलावात धरायचं आणि ओहोटीला दारांतून सोडायचं अशी सोय केली. ओहोटी लागली की दार आपसूक उघडतं आणि ओढ क्षणात लागते.

२१. ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधला पलीकडचा काठ फ्लेमिंगोंचा, तिकडे बोटीने घुसू नकोस – २०१५ पासून ते अभयारण्य आहे, सुमारे १,६९० हेक्टरांचं, आणि २०२२ साली ठाण्याच्या खाडीला रामसरचा दर्जाही मिळाला. पक्षी फोटोसाठी उडवलास तर मामा ओळख देणार नाही.

२२. रॉड टेकवायला तिवराची फांदी तोडू नकोस, घरून बेचकं आण – कांदळवन तोडायला २००५ पासून उच्च न्यायालयाची मनाई आहे, आणि तू जो मासा धरायला आलीस त्याचं बालपण त्याच मुळांत गेलंय.

२३. तुटलेल्या तंगुसाचा तुकडा न् तुकडा खिशात टाक – पक्ष्याच्या पायात गुंतलं की पाय जातो. एवढे खिसे त्यासाठीच दिलेत असं समज.

चिखलाचं स्वतंत्र सांगतो. खाडीचा चिखल वरून सुकलेला दिसतो, सूर्यप्रकाशात चकाकतो, एखादी निवटी टुणकन उडी मारते आणि माणसाला वाटतं, आपणही चालू. निवटी बोटभर आहे, बाळ.

२४. गमबूट घालून चिखलात जाऊ नकोस. जुने, घट्ट नाडीचे कापडी बूट घाल – गमबूट चिखल ओढून घेतो, पाणी भरलं की उचलत नाही. अनवाणीही नको, कालवांची धार तळपाय चिरते. चिखल आधी चप्पल मागतो, मग माणूस.

२५. पाय रुतला तर सरळ वर ओढू नकोस; मागे रेलून बस, गरज पडली तर आडवी हो आणि पाय हलवत हलवत सोडव – उभं राहून एक पाय ओढलास की सगळं वजन दुसऱ्यावर जातं, मग दोन्ही रुततात. कपड्यांची लाज धुतल्यावर जाते.

२६. एकटी जाऊ नकोस, आणि घरी कुठे जातेस यापेक्षा किती वाजता परतणार ते सांगून जा – शोधणाऱ्याला वेळ कळली की पाण्याची अवस्था कळते. फोनमध्ये ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे दोन्ही क्रमांक ठेव, आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत.

२७. खाडीच्या पाण्यात खरचटलं तर तिथेच बाटलीतल्या स्वच्छ पाण्याने धू, आणि घरी येऊन लाली-सूज वाढते का बघ – या पाण्यातली जखम पटकन चिघळते. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंस ते आईला विचार, तिला पाठ असेल.

आता मासा लागला असं धरू. पहिल्यांदा बहुधा शिंगाळा लागेल. त्याची निराशा करून घेऊ नकोस. शिंगाळ्याची आंबट घातली तर तुझा बाप दोन वाट्या जास्त जेवतो.

२८. शिंगाळा दिसला की हात मागे, पकड पुढे – पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन काटे, आणि त्यांत विष असतं. काट्याला हात, दवाखान्यात रात.

२९. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेव आणि मग डॉक्टरकडे जा – त्या विषाची कळ उष्णतेने उतरते. थर्मासमधला चहा त्यासाठी नव्हे, तरी गरम पाण्याचा एक थर्मास जवळ असू दे. पाकटाच्या शेपटीच्या काट्यालाही हाच उपाय.

३०. मोठ्या शिंगाळ्याचं तोंड उघडून बघ, आत गोट्यांएवढी अंडी असली तर तसाच पाण्यात सोड – या जातीत बाप अंडी तोंडात सांभाळतो, आणि तोवर उपाशी राहतो. असा बाप ताटात घ्यायचा नसतो.

३१. खरबी, ढोमा लहानच असतात, पण बोटाएवढी पिल्लं घेऊ नकोस – २०२३ साली राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याखालची मासळी धरायची नाही. पिल्लू सोडील, तो पुढल्या साली जोडील.

३२. सोडायच्या माशाला ओल्या हाताने धर, आणि पाण्यात फेकू नकोस. तोंड ओढीकडे करून धर, तो आपण होऊन निघेल – कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो, आणि मग तो सुटूनही जगत नाही.

जिताड्याबद्दल मला जरा बोलू दे. पापलेटला २०२३ साली राज्यमाशाचा मान मिळाला, आनंद आहे. पण पनवेल-उरण-पेणकडच्या आगरी-कोळी पंगतीत मान जिताड्याचाच, आणि जावई आला की सासऱ्याची धावपळ बघण्यासारखी असते. हा मासा गोड्या आणि खाऱ्या दोन्ही पाण्यांत फिरतो. वाढतो खाजणात, तिवरांच्या मुळांशी, नदीत वरपर्यंत. अंडी घालायला मात्र खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात जातो. आणि गंमत अशी की तो आधी नर असतो, काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो. म्हणजे खाडीतला सगळ्यात थोरला जिताडा ही बहुधा कुणाची तरी आजी असते, पोटात लाखो अंड्यांची ताकद बाळगून. लोक नेमकी तीच धरतात आणि गळ्यात हार घातल्यासारखा फोटो काढतात.

३३. अगदी लहान जिताडा सोड, आणि अगदी थोरलाही सोड. मधला घरी आण – लहान अजून काही झालेला नाही, थोरल्या माद्याच पुढची खाडी भरतात. मधल्याचं मांसही जास्त चवदार, हे सांगितलं की सोडणं सोपं जातं.

३४. जिताड्याच्या कल्ल्यात बोट घालून उचलू नकोस – कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते. झेला वापर, नाहीतर खालचा जबडा धर.

३५. उंच जेट्टीवरून तंगुसाने मासा लोंबकळत वर घेऊ नकोस – पाण्यात तो हलका, हवेत जड. तंगूस बरोबर काठाशी तुटतं. मग आयुष्यभर तो मासा दर वर्षी एक किलोने वाढत जातो, सांगणाऱ्याच्या तोंडात.

३६. चिंबोरी लागली तर उलटी करून पोट बघ. पोटाच्या झाकणाखाली अंड्यांचा गुच्छ बाहेर दिसला तर सोड – आतली लाख वेगळी, ती खायची. बाहेरची अंडी पुढच्या हंगामाची. आपल्याकडे चिंबोरी अवसेला भरलेली आणि पुनवेला पोकळ म्हणतात, तेव्हा घाई कसली.

३७. जून-जुलैत गळ आपण होऊन कमी कर – १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, कारण मासळी विणीला लागलेली असते आणि समुद्र खवळलेला. काठावरच्या गळाला कोणी अडवणार नाही, म्हणूनच आपण आपल्याला अडवायचं. नारळी पुनवेला नारळ पडला की ये.

३८. पहिल्या मोठ्या पावसात गाढीच्या काठी बसू नकोस – ती माथेरानच्या डोंगरातून उतरते. तुझ्याकडे ऊन असतं आणि वर कोसळलेलं पाणी तासाभरात येतं. त्यात भरती असली तर दोन्ही पाणी एकमेकांना अडवतात आणि काठ सोडून पसरतात. पनवेलकरांना २६ जुलै २००५ च्या पुराचं विचार.

३९. कासाडीतलं आणि कारखान्यांच्या नाल्यांच्या तोंडाचं काही खाऊ नकोस – तळोज्यात २०१७ च्या ऑगस्टमध्ये रंगाच्या सांडपाण्यात फिरलेले कुत्रे निळे झाले होते. माशाचा रंग बदलत नाही, म्हणून तो शुद्ध असं नाही. पाण्याला रॉकेलचा किंवा औषधाचा वास आला की त्या दिवशी फक्त वारा खा.

४०. दुसऱ्या जागेचा मासाही रोज-रोज आणि आतड्या-काळजासकट नको – घाण साठते ती जास्त तिथेच. स्वच्छ करताना ते काढून टाक, गाबोळीचा मोह असला तरी.

४१. मासा धरलास की लगेच बर्फात घाल, उन्हात पिशवीत ठेवू नकोस – आपल्या उकाड्यात तासाभरात डोळा बसतो आणि मग आई म्हणेल, ‘बाजारातला बरा होता’. त्या वाक्याला उत्तर नाही.

४२. घरी आल्यावर आधी रीळ आणि गळ गोड्या पाण्याने धू, मग आंघोळ – मीठ रात्रभरात गंज चढवतं. रीळ बेसिनमध्ये धू, नळ जोरात सोडू नकोस, नाहीतर मीठ आत जाऊन बसतं.

४३. खवले गॅलरीत काढू नकोस, आणि सोसायटीच्या कचऱ्यात टाकायच्या आधी कागदात गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेव, घंटागाडीच्या वेळी खाली ने – खारघरच्या सोळाव्या मजल्यावर मासळीचा वास लिफ्टने फिरतो, आणि सेक्रेटरीची बायको शाकाहारी आहे.

४४. चार मासे मिळाले तर एक जेट्टीवर ज्यांनी जागा दाखवली त्यांना विचार, हवाय का. ते नको म्हणतील, तरी विचार. बाकीच्यांतला शिंगाळा माझ्याकडे पाठव, जिताडा असेल तर घेऊन स्वतःच ये, आणि मामीला आदल्या दिवशी फोन कर – आंबटीला चिंच भिजवावी लागते.